सांडणीच्या रक्तातील दफ्तर

पेशवे दफ्तराचे रुमाल सोडून बसणाऱ्याला एक व्यक्ती वारंवार भेटते आणि तरीही तिची ओळख कधी होत नाही. ती व्यक्ती म्हणजे सांडणीस्वार. तो येतो, खलिता रुजू करतो, जबाब घेऊन परत फिरतो; त्याचे नाव क्वचित नोंदले जाते, आणि ज्या जनावराच्या पाठीवर बसून त्याने मजल-दरमजल रान तुडवलेले असते त्या सांडणीचा तर उल्लेखही त्याच्या हुद्द्यातल्या अर्ध्या शब्दापुरताच. उंटाच्या मादीला, त्यातही चपळ मादीला, मराठीने हा स्वतंत्र शब्द बहाल केला, पण तिची हकीकत कोणी लिहिली नाही. मला आज ज्या सांडण्यांविषयी लिहावयाचे आहे त्या पुण्याच्या नव्हेत, ओमानच्या आहेत. आणि त्यांनी वाहून आणलेला खलिता पाठीवरच्या थैलीत नव्हता, त्यांच्या रक्तात होता.

ओमान हा मुलूख कोकणाला परका नाही. मस्कतच्या आग्नेयेस किनाऱ्यावर कल्हात नावाचे एक उजाड नगर आहे. बीबी मरियमच्या कबरीची अर्धी ढासळलेली वास्तू सोडली तर आज तेथे उभे असे फारसे काही नाही. तेराव्या शतकात मात्र त्या बंदरातून अरबी घोड्यांनी भरलेली तारवे मोसमी वाऱ्यावर हिंदुस्थानच्या किनाऱ्याकडे निघत असत. मार्को पोलोने कल्हातच्या या अश्वव्यापाराची नोंद केली आहे, आणि ठाण्याच्या राजाविषयीही एक गमतीदार मजकूर लिहून ठेवला आहे: हा राजा समुद्रावरील चाच्यांशी संगनमत करून होता आणि करार असा की लुटीतला बाकीचा माल चाच्यांनी खुशाल ठेवावा, घोडे तेवढे राजाकडे पोचते करावेत. दख्खनच्या राजसत्तांना घोड्याची भूक किती अनावर होती याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण. पुढे पोर्तुगीजांनी हा व्यापार बळाने गोव्याकडे वळवला आणि त्यावरच्या जकातीने आपली तिजोरी भरली. भीमेच्या खोऱ्यातील देशी घोड्यांत अरबी रक्त मिसळून भीमथडीची काटक पैदास निघाली असे सांगतात. १६५० मध्ये ओमानी अरबांनी मस्कतचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून घेतला, तरी दोन्ही किनाऱ्यांमधले दळणवळण तुटले नाही, ते इतके की हिंदी रुपया, आणि १९५९ नंतर रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी छापलेला रुपया, ओमानच्या बाजारात १९७० पर्यंत चालत होता.

घोडा आला तो लढाईसाठी. त्याच्या रक्ताचाही उपयोग होतो हे मुंबईला कळले ते प्लेगच्या वर्षांत. १८९० मध्ये बर्लिन येथे बेहरिंग आणि किटासातो या दोघांनी दाखवून दिले होते की धनुर्वाताचे विष थोडथोडे टोचून सवय लावलेल्या जनावराच्या रक्तरसात त्या विषाला निष्प्रभ करणारे काहीतरी उत्पन्न होते, आणि तो रक्तरस दुसऱ्या जनावरास टोचला तर त्यालाही संरक्षण मिळते. हे ‘काहीतरी’ म्हणजे प्रतिपिंड. १८९७ मध्ये हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, त्याच साली येर्सिन घोड्याच्या रक्तरसाच्या कुप्या घेऊन मुंबईस आला आणि फ्लोरेन्सचा लुस्टिग हाही आपला वेगळा रक्तरस घेऊन दाखल झाला. आर्थर रोडच्या रुग्णालयात डॉक्टर नसरवानजी चोक्सी यांनी त्या रक्तरसाचे प्रयोग मोठ्या आस्थेने केले. येर्सिनच्या पदरी निराशा आली. लुस्टिगच्या रक्तरसाविषयी वाद माजला. हाफकिनची लस टिकली आणि १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्मेंट हाउसात तिचा संसार थाटला गेला. पण घोडा परळमधून गेला नाही. सर्पविषावरचा रक्तरस त्याच्याच शिरांतून निघू लागला, आणि पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वशाळेतले शर्यतीतून उतरलेले घोडे हाफकिन संस्थेकडे जाऊ लागले. हेच रक्तरसाचे काम आपण स्वतः का करू नये, या सरळ व्यापारी विचारातून १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. जिच्या लसी आज जगभर जातात त्या संस्थेच्या नावात रक्तरस आहे आणि पायाशी निवृत्त घोडे आहेत, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आले आहे. निवृत्त जनावराची ही गोष्ट पुढे ओमानात पुन्हा यावयाची आहे.

येथे एका शब्दाची वंशावळ सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पेशीच्या पृष्ठावर जे विशिष्ट प्रथिन बाहेरून आलेल्या विशिष्ट द्रव्यास धरून ठेवते त्यास आपण ग्राही म्हणतो. रिसेप्टर हे त्याचे प्रयोगशाळेतले चालू नाव. हा शब्द घडवला पाउल एर्लिख या जर्मन पंडिताने, १९०० साली, आणि घडवला तो प्रतिपिंडांचाच उलगडा करताना. त्याची कल्पना अशी होती की पेशीच्या अंगावर मुळातच अशा शाखा असतात. विष येऊन त्यांना चिकटले की पेशी त्यांची भरपाई करू लागते, ती गरजेपेक्षा अधिक होते, आणि जास्तीच्या शाखा गळून रक्तात तरंगू लागतात. रक्तात तरंगणारा ग्राही म्हणजेच प्रतिपिंड! तपशिलात एर्लिख चुकला होता. तरीही ग्राही आणि प्रतिपिंड ही दोन भावंडे एकाच घरात, एकाच मनुष्याच्या मेजावर जन्मली ही गोष्ट खोटी ठरत नाही, आणि पुढे शंभर वर्षांनी या भावंडांपैकी एकाला दुसऱ्याचा ठावठिकाणा सांगण्याच्या चाकरीस जुंपण्यात आले.

२०१२ च्या जून महिन्यात जेद्दाच्या एका रुग्णालयात साठ वर्षांचा एक गृहस्थ फुप्फुसाच्या दाहाने दगावला. तेथील डॉक्टर अली मोहम्मद झाकी यांना त्याच्या थुंकीत एक अनोळखी करोना विषाणू आढळला आणि त्यांनी तो नमुना रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्राकडे धाडला. या विषाणूस पुढे मर्स हे नाव मिळाले. विषाणू पेशीत शिरतो तो तिच्या एखाद्या ग्राहीस हाताशी धरून. म्हणजे दरोडेखोराने घरच्याच नोकराला फितवावे तसे. हा फितूर नोकर कोणता, हे शोधण्यासाठी रॉटरडॅमच्या मंडळींनी विषाणूच्या काट्याचा एक तुकडा घेतला, त्यास प्रतिपिंडाची शेपटी जोडली, आणि पेशींच्या भरडीतून त्या तुकड्याला जे चिकटून वर आले ते तपासले. वर आले ते डीपीपी-४ नावाचे प्रथिन. मग दुसरी परीक्षा: या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड आधी पेशींवर ओतले आणि मागाहून विषाणू सोडला. विषाणूला आत शिरता येईना. व्ही. स्टॅलिन राज या भारतीय संशोधकाचे नाव अग्रभागी असलेला तो निबंध २०१३ च्या मार्चमध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

हे डीपीपी-४ काही नवखे नव्हते. १९६६ पासून ते विकर म्हणून ज्ञात होते. जेवणानंतर इन्शुलिनला चालना देणाऱ्या एका संप्रेरकाचे तुकडे करणे हे त्याच्या अनेक कामांपैकी एक काम, आणि त्याला आळा घालणारी सिटाग्लिप्टिनसारखी गोळी २००६ पासून मधुमेह्यांच्या हाती आहे. ज्या घरांत ती रोज जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली जाते अशी घरे वाचकांपैकी पुष्कळांची असतील. तेव्हा कोणाच्याही मनात येणारा प्रश्न संशोधकांच्याही मनात आला. उत्तर मात्र नकारार्थी निघाले. गोळी विकराचे काम थांबवते, पण विषाणू ज्या जागी धरतो ती जागा निराळी असल्यामुळे तिने विषाणूची वाट अडत नाही.

फितुराचा शोध लागला, तरी दरोडेखोर आला कोठून हे कळले नव्हते. वटवाघळांवर संशय होता, पण जेद्दाच्या शहरात वटवाघूळ आणि मनुष्य यांची गाठ रोज कोठे पडणार? तेव्हा नेदरलँड्सच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेतील शांताल रॉयस्केन आणि त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या देशांतील गायी, मेंढ्या, शेळ्या आणि उंटकुळातली जनावरे मिळून ३४९ पशूंचा रक्तरस गोळा केला. त्यांत ओमानचे पन्नास नमुने होते. शर्यतीतून निवृत्त झालेल्या पन्नास सांडण्यांचे.

रक्तरसाची साक्ष कशी काढतात ते पाहण्यासारखे आहे. रक्तरस प्रथम वीस पट पातळ करावयाचा, मग चाळीस पट, ऐंशी पट, असे दुप्पट-दुप्पट करीत जावयाचे, आणि प्रत्येक पायरीवर त्यात विषाणू मिसळून ते मिश्रण जिवंत पेशींवर ओतावयाचे. ज्या पायरीपर्यंत पेशी शाबूत राहतात ती त्या रक्तरसाची इयत्ता. नेदरलँड्सच्या गायी-मेंढ्यांचा रक्तरस या परीक्षेत काहीच बोलला नाही. कॅनरी बेटांवरील १०५ उंटांपैकी १५ जणांनी हळू आवाजात काही सांगितले. ओमानच्या सांडण्या मात्र पन्नासपैकी पन्नास बोलल्या, आणि त्याही अशा की त्यांचा रक्तरस ३२० पट, काहींचा तर २५६० पट पातळ केला तरी विषाणूला रोखून धरीत होता. नमुने एका तबेल्यातले नव्हते, निरनिराळ्या ठिकाणचे होते. म्हणजे एखाद्या कळपात योगायोगाने आलेली साथ ही नव्हे. हा निबंध २०१३ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेरीस ओमानमध्ये या रोगाच्या पहिल्या मानवी रुग्णाची नोंद झाली. मनुष्याच्या दफ्तरात जी नोंद ऑक्टोबरात पडली ती जनावरांच्या दफ्तरात आधीच होती. किती आधी, हे पुढच्या वर्षी समजले, जेव्हा सोमालिया, सुदान आणि इजिप्तच्या उंटांचा शीतपेटीत जपून ठेवलेला जुना रक्तरस वितळवून तपासला गेला आणि १९८३ सालच्या नमुन्यांतही तेच प्रतिपिंड सापडले. तीस वर्षे विषाणू त्या रानांत नांदत होता, आणि त्याचा एकही कागद कोणत्याही कचेरीत नव्हता.

इतका जुना शेजार असूनही मर्सची महामारी का झाली नाही? उंटांना या रोगाने फार तर नाक वाहते. मनुष्यास मात्र तो झाला तर नोंदलेल्या रुग्णांपैकी शंभरातले पस्तीसच्या आसपास दगावतात, आणि तरीही एका माणसाकडून दुसऱ्याकडे तो सहजासहजी जात नाही. या कोड्याची उकल करण्यासाठी ग्राहीच्या प्रतिपिंडाला पुन्हा चाकरीवर बोलावण्यात आले. या खेपेस काम निराळे होते: वाट अडवायची नव्हती, बोट दाखवायचे होते.

हे बोट दाखवणे मी एकदा जवळून पाहिले आहे. माझी एक भाची पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करते. तिच्या मेजावर मेणात बसवलेला मूत्रपिंडाचा एक तुकडा होता. त्याचे केसाच्या विसाव्या हिश्श्याइतके पातळ काप काढून काचेच्या पट्ट्यांवर घेतलेले. “मामा, तिथे हात नका लावू, आत्ताच अँटिबॉडी लावली आहे,” असे ती म्हणाली तेव्हा मला काचेवर पाण्याच्या एका थेंबाखेरीज काही दिसत नव्हते. त्या पट्ट्या एका बंद डब्यात, खाली ओला कागद घालून, थेंब वाळू नये अशा बेताने तिने रात्रभर शीतकपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी धुणे, मग त्या पहिल्या प्रतिपिंडाला ओळखणारा दुसरा प्रतिपिंड, ज्याच्या अंगाला एक विकर बांधलेले, पुन्हा धुणे, आणि शेवटी रंगद्रव्याचे दोन थेंब. पाच मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रनलिकांच्या आतल्या काठाला, आणि फक्त त्या काठालाच, एक तपकिरी रेघ उमटली; जणू कोणा कारकुनाने ताज्या बोरूने समास आखावा. ती रेघ म्हणजे डीपीपी-४. शेजारच्या पट्टीवर सर्व काही तेच केले होते, पहिला प्रतिपिंड तेवढा गाळला होता. ती पट्टी कोरी राहिली. “ही कंट्रोल कोरी नसती, तर आजचं सगळं काम फुकट,” भाची म्हणाली, आणि आदल्या महिन्यात एका पुरवठादाराकडून आलेली कुपी नको तेथेही रंगत होती म्हणून तीन आठवडे वाया गेल्याचे तिने फारसे न चिडता सांगितले.

खोट्या साक्षीदारांचा हा त्रास तिच्या एकटीचा नाही. पूर्वी असे प्रतिपिंड शेळी, ससा यांसारख्या जनावरांच्या रक्तातूनच काढीत, आजही काढतात. एका जनावरातून निघालेला माल दुसऱ्यासारखा असेलच असे नाही. १९७५ मध्ये केंब्रिज येथे क्योलर आणि मिल्स्टाइन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी अर्बुदपेशीशी जोडून एकाच साच्याचा, कधी न संपणारा प्रतिपिंड मिळवला, त्याचे पेटंट घेतले नाही, आणि नोबेल पारितोषिक मात्र घेतले. मग प्रत्येक प्रयोगशाळा आपापले प्रतिपिंड आपापल्या नावाने बाजारात आणू लागली, तेव्हा १९८२ मध्ये पॅरिस येथे पंडितांनी बैठक भरवून एकाच प्रथिनावर बोट ठेवणाऱ्या प्रतिपिंडांचे गट पाडले आणि गटांना क्रमांक दिले. पुढे याच बारनिशीत डीपीपी-४ ला सीडी-२६ हा क्रमांक मिळाला. साक्षीदारांच्या यादीवरून आरोपीचे नाव ठरावे असा हा प्रकार! तरीही घोटाळे सरले नाहीत, आणि २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांना ‘नेचर’मधून जाहीर मागणी करावी लागली की प्रत्येक प्रतिपिंडाची घडण अक्षरशः लिहून द्या, नाहीतर आमच्या निष्कर्षांवर विश्वास कोणी ठेवावा?

पुन्हा उंटाकडे येऊ. २०१६ मध्ये रॉटरडॅमच्या मंडळींनी डीपीपी-४ चा प्रतिपिंड मनुष्याच्या आणि उंटाच्या श्वसनमार्गावर ठेवून पाहिला. मनुष्याच्या नाकात तो ग्राही जवळपास दिसला नाही, तो दिसला खोल फुप्फुसाच्या वायुकोशांत. उंटाच्या नाकात मात्र तो आतल्या अस्तरावर भरपूर होता. उंटाचे नाक हे आधीच एक आश्चर्य. त्याच्या नाकपुड्या मिटतात, आणि आत पातळ हाडांच्या गुंडाळ्यांवर श्लेष्मलेचे एवढे मोठे क्षेत्र पसरलेले असते की रात्रीच्या थंड हवेत बाहेर जाणाऱ्या श्वासातली वाफ तेथेच अडवून उंट पाणी वाचवतो. ओमानच्या वाळूत हीच युक्ती त्यास जगवते. पाण्याच्या काटकसरीसाठी घडलेल्या त्या दालनात विषाणूला उतरण्यास ऐसपैस जागा मिळाली. म्हणून उंटाचे नाक वाहते आणि रोग पसरतो, तर माणसाचे फुप्फुस पोखरले जाते आणि रोग तेथेच, खोलवर, अडकून पडतो.

आणि ज्या रक्ताने ही साक्ष दिली त्या रक्ताची घडणही जगावेगळी आहे, हे विज्ञानाला १९९३ पर्यंत माहीत नव्हते. ब्रुसेल्सच्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या साध्या पाठासाठी प्रतिपिंड वेगळे करावयाचे होते. मनुष्याचे रक्त वापरण्यास विद्यार्थी कचरले, तेव्हा रेमंड हामर्स यांच्या शीतपेटीत निद्रारोगाच्या अभ्यासासाठी आणून ठेवलेला उंटाचा रक्तरस बाहेर काढण्यात आला. त्यात नेहमीच्या चार साखळ्यांच्या प्रतिपिंडांबरोबर दोनच जड साखळ्यांचे, हलक्या साखळ्यांना फाटा दिलेले प्रतिपिंड निघाले. त्यांचे धरणारे टोक सुटे केले तर ते वजनाने नेहमीच्या प्रतिपिंडाच्या दहाव्या हिश्श्याइतके भरते आणि जेथे मोठ्या प्रतिपिंडाचा शिरकाव होत नाही अशा खाचेत बसते. उंटाचा दक्षिण अमेरिकी भाऊबंद जो लामा, त्याच्यापासून काढलेल्या अशाच टोकाने ॲड्रेनलिनचा ग्राही कार्यरत अवस्थेत धरून ठेवला, आणि २०११ मध्ये त्या अवस्थेची रचना प्रथम दिसली; ती रचना उलगडणाऱ्या कोबिल्का यांच्या पुढच्या वर्षीच्या नोबेल पारितोषिकाच्या कामात त्या चिमुकल्या टोकाचाही वाटा आहे. २०१८ मध्ये त्याच स्टॅलिन राज यांनी उंटांकडून मिळवलेली असली टोके मानवी शेपटीस जोडून मर्सने आजारी पडणाऱ्या उंदरांना दिली. विषाणूचा हात डीपीपी-४ पर्यंत पोचला नाही आणि उंदीर वाचले.

भाचीला मी ही हकीकत सांगितली तेव्हा तिने विचारले, “मामा, तुमच्या ओळखीचं मस्कतला कोणी आहे का? उंटाच्या नाकाचा एखादा ब्लॉक मिळाला तर आमच्या अँटिबॉडीवर लावून बघितला असता.” ब्लॉक म्हणजे अंगठ्याएवढा मेणाचा तुकडा. ओळखीचे एक गृहस्थ निघाले, तेथे ब्लॉकही मिळण्यासारखा होता. मग समजले की जनावराचे मांस, मग ते मेणात का गोठवलेले असेना, देशात आणावयाचे तर परवाना, पशुवैद्याचा दाखला, जकात कचेरीतली तपासणी, आणि यांतल्या प्रत्येकाचा वेगळा अर्ज. कल्हातहून जिवंत घोडे तारवे भरभरून कोकणात उतरत होते त्याला सातशे वर्षे झाली. भाचीचा अर्ज गेल्या पावसाळ्यात गेला आहे. जबाब अजून यावयाचा आहे.